बरण्यांवरच्या तारा

मावशीच्या लोणच्याच्या बरण्या दिवाणखान्यात आल्या, त्या रविवारपासून मला त्या घरात स्वस्थ बसवेना.

बिबवेवाडीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मावशी आणि काका, दोघंच. मुलगा अमेरिकेत, अर्थातच सॉफ्टवेअरमध्ये. काकांनी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. त्या वर्षांत पुण्यात असे गृहस्थ गल्लोगल्ली झाले होते. केस काळे केलेले, पायात मुलानं पाठवलेले पांढरे बूट, आणि सकाळी टेकडीवर फिरून आल्यावर उरलेल्या दिवसाचं काय करायचं ते माहीत नाही. मी वर्ध्याकडून शिकायला आलेली. विश्रांतवाडीत मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायचे आणि रविवारी बस बदलत बदलत मावशीकडे जेवायला जायचे. शिक्षण संपलं तरी मी परत गेले नाही, कारण तोवर एका गटाचं काम करायला लागले होते. अंगारे, धागे, ग्रहांचे खडे, मंतरलेलं पाणी, यांच्याविरुद्ध पत्रकं काढायची, चौकात उभं राहून वाटायची, कोणी तोंडावर फाडलं तर त्याला दुसरं द्यायचं. पत्रकं लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. त्यातून एक सवय लागते. पहिल्या ओळीत कोण फसवतंय ते सांगायचं, दुसऱ्या ओळीत कोण फसतंय ते, आणि तिसऱ्या ओळीत वाचणाऱ्यालाच विचारायचं की बाबा रे, तू काय करतोयस? इथंही तसंच लिहायचा विचार आहे. जमेल तेवढं.

तर बरण्या. दार उघडलं तर आत अंधार. ऐन एप्रिलात पडदे ओढलेले आणि पंखा बंद. टीव्ही हद्दपार होऊन बेडरूममध्ये गेला होता आणि त्याच्या जागी मुलानं पाठवलेला अ‍ॅम्प्लिफायर बसला होता. दोन कोपऱ्यांत माझ्या खांद्याला लागतील एवढे स्पीकर. मधल्या फरशीवर बरण्यांची रांग. चिनी मातीच्या, पांढऱ्या अंगाच्या, तपकिरी गळ्याच्या, मावशीनं माहेरून आणलेल्या. प्रत्येक बरणीच्या झाकणावर अंगठ्याएवढी जाड वायर टेकवलेली, आजारी सापाला उशी द्यावी तशी.

काकांनी मला भिंतीच्या कडेकडेनं यायला सांगितलं. वायर जमिनीला लागता कामा नये, म्हणाले. मी त्यांच्यासमोर येऊन विचारलं, का? तेव्हा त्यांनी पुणेरी पद्धतीनं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्याकडे न पाहता उत्तर दिलं.

"तुमच्याकडे वर्ध्याला गाणं ऐकतात, की नुसतं लावतात?"

मग कारण सांगितलं. फरशीत म्हणे स्थिर वीज असते. ती वायरीतल्या आवाजाची चकाकी ओढून घेते. चिनी माती विजेला वाट देत नाही, म्हणून बरण्या. त्या सगळ्या सारख्या उंचीच्या नसल्यामुळे बुटक्या बरण्यांखाली दासबोध आणि पंचांगं घातली होती. स्वयंपाकघरात मावशी कैरीचं लोणचं प्लास्टिकच्या डब्यांत भरून बसलेली. लोणच्याला डब्याचा वास लागला होता आणि डब्याला लोणच्याचा. वरणभाताबरोबर ते लोणचं मी खाल्लं. किळस म्हणजे काय ते मला तोंडातून कळलं, डोक्यात नंतर गेली.

जेवण झाल्यावर ओट्याशी उभं राहून मावशी मला म्हणाली, "वायर नाही गं. कान."

तिनं आवाज खाली आणला नाही. काका सात-आठ पावलांवर बसले होते, तोंड आमच्याकडेच, आणि त्यांना काही कळलं नाही. तेच तिला दाखवायचं होतं.

वर्षभर चाललं होतं, ती सांगत होती. आधी फोनवर मुलाचं बोलणं कळेना, तर म्हणाले अमेरिकेची लाइन खराब. मग तिचं बोलणं कळेना, तर म्हणाले तू तोंडातल्या तोंडात बोलतेस. पुरुषांचे जाड आवाज कळायचे, बायकांचे आणि मुलांचे नाही. कुकरची शिट्टी नाही. मग एक दिवस स्टीरिओसमोर बसून म्हणाले, आवाजातली चकाकी गेली. तंबोऱ्याची जवारी, ती तारेची झणझण, ऐकू येत नाही, तबल्याची किनार बोथट झाली, गाण्यातले शब्द चिखलातून यावेत तसे येतात. मावशी त्यांना न सांगता एकटीच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन हे सगळं सांगून आली होती. डॉक्टर म्हणाले, तपासल्याशिवाय बोलत नाही, पण वयानं बारीक आवाज आधी जातात. मशीन लावायचं असेल तर लवकर लावा. जो आवाज फार दिवस ऐकला नाही तो मेंदू विसरून जातो, मग मशीन लावून उपयोग कमी. मावशीनं ते वाक्य पाठ केलं होतं. घरी येऊन तिनं काकांना कानाचं नाव काढून पाहिलं, तर दोन दिवस बोलणं बंद.

आणि नेमका त्याच सुमाराला घरात तारवाला शिरला.

तारवाला हे माझं नाव. बाकी सगळे त्याला सर म्हणायचे, त्याच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. हिंजवडीतल्या कुठल्याशा कंपनीत मॅनेजर, राहायला कोथरूडला, दाढी आखीव, गळ्यात रविवारीही कंपनीचं ओळखपत्र. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर परदेशी लोकांच्या गप्पा वाचायचा आणि छापून आणायचा. काकांची आणि त्याची ओळख गाण्याच्या कुठल्या कार्यक्रमात झाली. घरी आला, सिस्टीम पाहिली, आणि त्यानं पहिलं काम केलं ते खरं केलं. खरं ते खरं, मी लपवणार नाही. सीडी प्लेअरकडून अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणारी बारीक वायर विजेच्या वायरीबरोबर एकाच गाठीत बांधलेली होती, त्यामुळे स्पीकरमधून कायम एक घूं यायची. त्यानं गाठ सोडली, दोन्ही वायरी लांब केल्या, जिथं ओलांडायलाच लागल्या तिथं आडव्या ओलांडल्या. घूं गेली. ती जाड आवाजाची होती, काकांनाही ऐकू यायची आणि गेलेलीही कळली. हे शास्त्र आहे. विजेच्या वायरीला चिकटून बारीक वायर नेली तर ती घरघर उचलते, हे कोणीही करून बघावं.

पण खरं एकदा सांगितलं की माणसाला पुढे काहीही सांगता येतं, हे आमच्या गटातल्या लोकांना चांगलं माहीत आहे. बुवा आधी एक खरं सांगतो. तुमच्या घरात कोणीतरी आजारी आहे, म्हणतो. असतंच. मग पुढचं सगळं तुम्ही गिळता.

घूं गेल्यावर काकांनी त्याला चकाकीचं विचारलं. तेव्हापासून सुरू झालं. स्पीकरची वायर जमिनीला लागता कामा नये. तिला वळसा नको. डावी-उजवी एकाच दिशेनं गेली पाहिजे, वायरीवर बाण असतो तो स्पीकरकडे असावा. वरून कोणी चालू नये, शेजारून झाडू फिरवू नये. कामवाल्या बाईंना दिवाणखान्यात मज्जाव झाला आणि बरण्यांच्या मधे धुळीच्या वाती साठल्या. त्याच काळात त्याच इमारतीत एक कुटुंब वास्तुशास्त्रवाल्याच्या सांगण्यावरून स्वयंपाकघराचा ओटा फोडून दुसऱ्या दिशेला बांधत होतं. छिन्नीचा आवाज जिन्यात घुमायचा. तारवाला त्यांना हसायचा. अडाणी लोक, म्हणायचा, एकविसाव्या शतकात दिशा बघतात. आणि खाली वाकून वायरीवरचा बाण बघायचा.

तो वायरी विकत नव्हता, हेही सांगून टाकते. विकत असता तर माझं काम सोपं होतं. पैशासाठी फसवणाऱ्याचा मला राग येतो. मान मिळावा म्हणून फसवणाऱ्याची किळस येते. दर रविवारी सकाळी त्या खोलीत त्याला सर म्हणणारी माणसं जमत. कोणी निवृत्त इंजिनिअर, कोणी विम्यातले, आणि त्यांच्यातले ज्येष्ठ म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक. मावशी पोहे करायची, चहा करायची, पडद्याआडून ट्रे द्यायची. ती गाणं शिकलेली होती लग्नाआधी, पण आत येऊन बस असं तिला कोणी म्हटलं नाही.

मी दारात उभी राहून ते बघितलंय. दाद देण्याची एक उतरंड असते. गवई समेवर आला की आधी प्राध्यापकांच्या भुवया वर जायच्या. मग तारवाल्याचा हात हवेत. मग बाकीचे 'वा'. तरुण माणूस ज्येष्ठांच्या आधी वा म्हणाला तर सगळे त्याच्याकडे असे बघणार, जणू तो मांडी घालायच्या आधी जेवायला लागला. काकांची दाद या उतरंडीत अगदी चोख बसायची. एकदाही चुकली नाही. आणि हेच त्यांचं उत्तर होतं मावशीला. बहिरा असतो तर समेवर मान हलली असती का? विचार या मंडळींना. मंडळी म्हणायची, छे छे, वहिनी, यांचा कान म्हणजे काय विचारता. नव्या वायरीनं किती मोकळा झालाय आवाज, नाही का हो? काका म्हणायचे, झालाय खरा. पण अजून जवारी येत नाही. तारवाला म्हणायचा, येईल, येईल, आणखी दोन बरण्या लागतील.

म्हणजे गोष्ट साधी होती. जोवर वायरींना दोष देता येत होता तोवर काका डॉक्टरांकडे जाणार नव्हते, आणि जितका उशीर होईल तितके त्यांचे आवाज कायमचे जाणार होते. मावशीनं मला सांगितलं, तू लोकांचे धागे तोडत फिरतेस ना, हे तोड.

मी काकांसमोरच विषय काढला, रविवारी सकाळी, मंडळी पोहे खात बसलेली असताना. म्हटलं, वायर बरणीवर आहे की फरशीवर, हे न बघता नुसतं ऐकून सांगता येईल का? काका उखडले. घरी आलेल्या माणसांची परीक्षा घ्यायची ही कुठली वऱ्हाडी पद्धत, म्हणाले. तारवाल्यानं मात्र हसून मान डोलावली. करू या की, सायन्स आहे हे, म्हणाला. माझी पत्रकं त्याला माहीत होती, आणि आपण माझ्याच बाजूचे आहोत असं त्याला मनापासून वाटत होतं. प्राध्यापक म्हणाले, करू द्या, मुलीला शिकायला मिळेल.

पुढच्या रविवारी मी वायरींपुढे दोरी बांधून चादर टाकली. चादरीच्या मागे मी आणि मावशी. गाणं चालू असताना आम्ही वायर कधी बरण्यांवर ठेवणार, कधी फरशीवर सोडणार. ज्याला आवाज मोकळा वाटेल त्यानं हात वर करायचा, दबल्यासारखा वाटला की खाली. सुरुवात केली आणि चादरीच्या फटीतून मला दिसलं की सगळे प्राध्यापकांकडे बघतायत. मी गाणं थांबवलं. सगळ्यांना खुर्च्या फिरवून भिंतीकडे तोंड करायला लावलं, प्रत्येकाला भिंतीचा वेगळा तुकडा. कुरकुर झाली. मी प्राध्यापकांना म्हटलं, "सर, शेजाऱ्याचं बघून लिहायला तुमच्या वर्गात परवानगी होती का?" ते वळून बसले.

एका बाईचा संथ ख्याल लावला होता. मागे तंबोरे. आम्ही दोघी फरशीवर बसून वायर उचलत होतो, सोडत होतो, धुळीत हात माखले होते. आणि समोर ती सगळी शिकलेली डोकी, भिंतीला तोंड करून, शिक्षा झालेल्या मुलांसारखी. प्राध्यापकांचा हात माशी हाकलल्यासारखा वरखाली होत होता. विम्यातल्या गृहस्थांनी हात वर केला आणि शेवटपर्यंत खाली घेतलाच नाही. तारवाल्यानं सगळ्यात ठाम हात वर केला तेव्हा वायर फरशीवर होती. नुसती फरशीवर नाही, मावशीनं तिचं वेटोळं करून त्यावर पाय ठेवला होता.

मी खूश झाले का? झाले. थोडा वेळ. मग माझं लक्ष काकांकडे गेलं.

त्यांचा हात वर गेला नव्हता. ते मान डावीकडे वळवत होते, मग उजवीकडे. तिथं भिंत होती आणि किराणावाल्याचं कॅलेंडर. चेहरा कुठेच नव्हता. तेवढ्यात त्या बाई समेवर अशा काही आल्या की मला गाण्यातलं काही कळत नसूनही माझ्या हातातली वायर तशीच राहिली. तीन भिंतींकडून तीन वा आले. काकांचा वा आला तेव्हा पुढची ओळ सुरू झाली होती. एकटा, उशिरा, आणि जरा मोठ्यानंच.

मी गाणं बंद केलं. म्हटलं, झालं, वळा आता. सगळे वळले, काका सोडून. ते तसेच भिंतीकडे तोंड करून बसून राहिले, पाठ ताठ, हात मांडीवर, पुढचं गाणं लागायची वाट बघत. माझा आवाज बारीक आहे.

इतका वेळ ते गाणं ऐकत नव्हते. प्राध्यापकांच्या भुवया ऐकत होते.

मला धक्का बसला. पण मी मंडळींकडे पाहिलं तर त्यांच्यापैकी एकालाही बसला नव्हता. प्राध्यापक स्वतःच्या पायांकडे बघत होते. तारवाल्यानं विम्यातल्या गृहस्थांकडे बघून तोंड वेडंवाकडं केलं, 'चला, निघालं एकदाचं' अशा अर्थाचं. मावशी उठली, तिनं काकांच्या खांद्यावर हात ठेवला. ते वळले. त्यांनी आमचे सगळ्यांचे चेहरे पाहिले, एकेक करून, आणि चेहरे वाचण्यात तर त्यांचा हातखंडा होता.

"वायर खाली होती का?" त्यांनी विचारलं.

पोहे तयार होते. मंडळींनी ते खाल्ले, हे मला अजून नीट गिळता येत नाही. खाल्ले, लिंबू मागून घेतलं, आणि मग निघाले.

मी जिन्यात तारवाल्याला गाठलं. म्हटलं, तुम्हाला माहीत होतं. तो नाकारेल असं वाटलं होतं. त्यानं चपला घालता घालता सांगितलं.

"अहो, पहिल्या दोन बैठकांतच कळलं होतं. पण असं तोंडावर सांगतं का कोणी? वाईट दिसतं ते. आणि खरं सांगू का, इतकी मोठी खोली आमच्यापैकी कोणाकडे नाही."

खोली. सिस्टीम. पोहे. वाईट दिसतं म्हणून त्यांनी एका माणसाला महिनोन्महिने बहिरा होऊ दिला आणि वर त्याला बरण्या मांडायला लावल्या. बुवा निदान अंगारा देतो आणि म्हणतो बरं होईल. यांना तर आजार ठाऊक होता.

मी यावर पत्रक लिहिलं. गटाच्या बैठकीत वाचलं. जुने कार्यकर्ते ऐकून घेत होते, मग एक जण म्हणाला, लोक इकडे पोरीबाळींच्या अंगात येतं म्हणून चटके देतायत, आणि तू वायरी काय घेऊन बसलीस? बरोबर होतं त्याचं. पत्रक छापलं नाही. पण मला विचारायचं होतं की चटके देणारा आणि गप्प बसून पोहे खाणारा यांत फरक किती आहे, आणि तो फरक कोण मोजणार.

काका डॉक्टरांकडे गेले. कोणाशी काही न बोलता, एका सोमवारी पँट-शर्ट घालून तयार झाले आणि मावशीला म्हणाले, चल. काचेच्या खोलीत बसवून तपासणी झाली. आलेख निघाला तो सुरुवातीला सपाट आणि मग कड्यावरून पडावा तसा. जाड आवाज शाबूत, बारीक गेलेले. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, उरलेल्याला मदत करता येते, थोडं आधी आला असतात तर बरं झालं असतं. मशीन दिवसभर घालून ठेवा. सुरुवातीला सगळं पत्र्यासारखं वाटेल. काढू नका, मेंदूला सवय होऊ द्या.

वाटलंच पत्र्यासारखं. वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी काका दचकायचे. पंख्याला इतका आवाज असतो हे त्यांना नव्यानं कळलं. मावशी पहिल्यांदा बोलली तेव्हा त्यांनी विचारलं, तुझा आवाज असा कधीपासून झाला? ती म्हणाली, लग्नाच्या दिवसापासून. गाणं लावून पाहिलं तर तंबोरे वेफर्सच्या पाकिटात गुंडाळल्यासारखे वाटले, म्हणाले. पण जवारी होती. चरचरीत, वाईट, पण होती. ते रोज थोडं थोडं ऐकायला लागले. मावशीनं बरण्या गरम पाण्यानं धुऊन उन्हात वाळवल्या.

मंडळी मात्र परत आली नाहीत. बैठक आता कोथरूडला, तारवाल्याच्या नव्या फ्लॅटमध्ये भरत होती. पहिले काही आठवडे काकांना कोणी बोलावलं नाही. रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे आणि दुपारी घडी करून ठेवायचे. मग एकदा फोन आला, तुम्हीही या. काका इतके खूश झालेले मी पाहिले नव्हते. मावशीलाही बरं वाटलं. आता तर ऐकू येणारच होतं.

त्या रविवारी मी त्यांना आणायला गेले. दार उघडंच होतं. तारवाल्यानं बरण्या कालबाह्य ठरवल्या होत्या. आता वायरी छताला नायलॉनच्या दोऱ्यांनी टांगलेल्या, वाळत घातलेल्या आतड्यांसारख्या, आणि त्यांच्याखाली तीच मंडळी. दाराशी चपलांचं कपाट. त्यावर सगळ्यांचे मोबाइल ओळीनं बंद करून ठेवलेले. आणि त्या ओळीच्या शेवटी, कोणाच्या तरी मळक्या सॅंडलशेजारी, काकांच्या कानाचं मशीन.

मी तारवाल्याला विचारलं हे काय. तो कुजबुजत म्हणाला, मशीनमधून रेडिएशन येतं, वायरी ते पकडतात, आवाज गढूळ होतो. काकांना सांगितलं, त्यांनी लगेच काढून दिलं, फार समंजस आहेत.

आत काका खुर्चीत बसले होते, स्पीकरकडे पाठ, प्राध्यापकांकडे तोंड. भुवया वर गेल्या. काकांचा हात हवेत गेला. वा.

मी मशीन उचललं, ओढणीला पुसलं, टांगलेल्या वायरींखालून वाकून आत गेले आणि त्यांच्या हातात दिलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मूठ मिटली. मूठ खिशात घातली. आणि मान पुन्हा प्राध्यापकांकडे वळवली.

मला ओरडायचं होतं. चौकात ओरडायची मला सवय आहे. पण त्या खोलीत कोणावर ओरडायचं? ज्यांनी मशीन काढून घेतलं त्यांच्यावर, की ज्यानं काढून दिलं त्याच्यावर? मी बाहेर जिन्यात बसून राहिले गाणं संपेपर्यंत.

रिक्षात त्यांनी मशीन पुन्हा कानात घातलं. लक्ष्मीनारायणाच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, "घरी बोलू नकोस."

मी घरी गेल्या गेल्या सांगितलं. चप्पल काढायच्या आधी सांगितलं.

मावशीनं हात पुसले, फोन उचलला, तारवाल्याचा नंबर फिरवला. तिचा स्वर इतका गोड होता की मला आधी कळेना ती कोणाशी बोलतेय.

"अहो सर, आमच्या ह्यांच्या कानामुळे तुमच्या वायरींना त्रास होतो असं कळलं. वायरींना जपा हो. नाजूक असतात. आजपासून ह्यांना पाठवत नाही, आणि हे आले तर दार उघडू नका. आपण तसे समंजस आहातच."

फोन ठेवला. मग काकांकडे न वळता, कणीक मळता मळता सांगितलं की आजपासून मी कुठलीही गोष्ट एकदाच सांगणार. ऐकू आली तर आली.

तिनं ते पाळलं. जेवायला वाढलंय हेही एकदाच सांगायची. काकांना मशीन घालण्यावाचून इलाज राहिला नाही. हळूहळू आवाजाचा पत्रा गेला, पंखा पाठीमागे गेला. दुपारी ते एकटे बसून तेच जुने ख्याल ऐकतात, वायर फरशीवर, कामवाल्या बाई तिच्यावरून फडकं फिरवतात. समेवर त्यांचा हात कधी वेळेवर उठतो, कधी नाही. बघायला कोणी नसतं. मंडळींपैकी एकानंही फोन केला नाही. मला त्यांचं अजूनही वाईट वाटत नाही, किळसच वाटते, आणि ती कमी व्हावी असंही वाटत नाही.

माझ्याशी काका बोलत नाहीत. त्यांची माणसं मी तोडली, असं त्यांनी मावशीला सांगितलंय. पूर्वी मी दोन-दोनदा बेल दाबली तरी त्यांना कळायचं नाही. आता जिन्यावर माझ्या चपला वाजल्या की ते गाणं बंद करतात आणि आतल्या खोलीत जाऊन कडी लावतात. मावशी दार उघडते, बंद दाराकडे हनुवटीनं खूण करते.

"ऐकू आलं बघ," म्हणते.